काळ्या मातीत गाडी फसण्याआधी, फसल्यावर आणि घरी आल्यावर

पावसाळ्यात नागपूरच्या आसपास पांदणीवर (शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर) नेलेल्या गाड्या फसतात आणि नंतर बिघडतात, त्याची कारणं मोजकीच आहेत. बहुतेक वेळा कामं ठाऊक असतात, पण क्रम चुकतो. फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी सोय) फसल्यावर टाकलं जातं. टायरची हवा त्याहीनंतर कमी होते. दोर आधी बांधतात आणि गाडी हलली नाही की मग फावडं हातात घेतात. घरी आल्यावर गाडी धुतली की काम संपलं असं धरतात, आणि महिन्याभरानं हौसिंगमधून (अ‍ॅक्सलच्या गिअरभोवतीच्या लोखंडी कवचातून) घरघर ऐकू येते. खाली सगळी कामं ज्या क्रमानं करायची त्याच क्रमानं दिली आहेत. जुनी जीप, जिप्सी, थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो फोर बाय फोर, कोणतीही गाडी असली तरी क्रम हाच. आकडे मात्र आपल्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून घ्या.

१. वाट निवडणं

हिंगणा, काटोल, कळमेश्वर, बुटीबोरीकडे काळी माती मुरमावर बसलेली आहे. उंचवट्यावर तिचा थर वीतभर असतो. नाल्याकडे उतरत गेलं की तोच थर कमरेएवढा, कधी त्याहून खोल होतो. त्यामुळे पांदण सुरुवातीला चांगली लागते आणि नाल्याच्या अलीकडच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये गाडी बसते. जाताना उतार असतो म्हणून गाडी तिथवर सहज पोचते. परतताना त्याच चिखलातून चढ चढावा लागतो. म्हणून वाट नेहमी परतीच्या दिशेनं जोखायची.

मौदा, रामटेक, भिवापूरकडे धानाच्या बांध्या लागतात. तिथली वाट दिसायला पक्की असली तरी दोन्ही बाजूंच्या पाण्यानं आतून भिजलेली असते आणि चाक कडेला गेलं की धुरा (कडेचा बांध) खचतो. धान उभं असेपर्यंत त्या वाटांवर गाडी नेऊ नये. त्यात शेतकऱ्याचं नुकसान गाडीच्या नुकसानीपेक्षा मोठं असतं.

पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले की वरचा पापुद्रा वाळतो, त्याला भेगाही दिसू लागतात. लोक याच टप्प्यावर फसतात, कारण पापुद्र्याखाली गारा तसाच ओला असतो. गाडी उभी करून पायी पुढे जा आणि दोन गोष्टी करून पाहा.

एक: सब्बल उभी धरून कमरेच्या उंचीवरून सोडा. स्वतःच्या वजनानं ती वीतभर किंवा जास्त आत गेली, तर तिथे गाडी घालू नका. चार बोटं जाऊन खाली खट् असा मुरमाचा आवाज आला, तर जाता येईल.

दोन: खालची ओली माती चिमूटभर घेऊन तळहातांमध्ये वळा. पेन्सिलीएवढी वळी न तुटता निघाली आणि बोटांना चिकटून राहिली, तर टायरच्या खाचाही अशाच भरणार. वळी तुटून भुगा झाला, तर मातीत वाळू-मुरूम आहे आणि पकड मिळेल.

सावध: रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर थांबा, किंवा परत फिरा. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला ढकलू शकतं आणि दोन फूट पाणी जड गाडीलाही घेऊन जातं. पाण्याखाली रपट्याची कड तुटली आहे की नाही हे वरून कळत नाही. गाडीची पाण्यातून जाण्याची जी खोली मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती साचलेल्या पाण्यासाठी असते.

पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही राखीव क्षेत्रं आहेत. परवानगीशिवाय आत जाणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. गावाकडून जंगलात शिरणारी वाट नकाशावर मोकळी दिसली म्हणून ती मोकळी नसते. पेरलेल्या वावरातून कधीच जायचं नाही. पांदण ज्या गावाची, तिथे पाच मिनिटं थांबून विचारा. पुढचा नाला कालपासून कसा वाहतोय हे तिथल्या माणसाइतकं कोणताही नकाशा सांगणार नाही.

२. गाडीची तपासणी, निघण्याच्या चार दिवस आधी

आदल्या रात्री तपासणी केली, तर सापडलेलं काम दुरुस्त करायला दुकानं उघडी नसतात. मग "चालेल" म्हणून निघतात. म्हणून चार दिवस आधी.

फोर-व्हील खरंच लागतं का ते पाहा. वर्षभर न वापरलेला लिव्हर अडकतो. ओल्या किंवा सैल मुरमावर गाडी नेऊन फोर-हाय (फोर-व्हीलचा नेहमीच्या वेगाचा गिअर) टाका, एका मित्राला बाजूला उभं करून पुढची चाकं ओढतात का ते बघायला सांगा. मग गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये फोर-लो (फोर-व्हीलचा हळू, जास्त जोराचा गिअर) टाका आणि काढा. ज्या जुन्या गाड्यांना पुढच्या चाकांचे हब (चाक अ‍ॅक्सलला जोडणारा मधला भाग) हातानं फिरवायचे असतात, त्यांचे दोन्ही हब 'लॉक' होतात का ते इथेच बघायचं. लिव्हर फोरमध्ये आणि हब 'फ्री'वर राहिले, तर पुढची चाकं नुसती फरफटत येतात. भरवशाची गाडी फसण्यामागे हे एक कारण फार वेळा निघतं.

हौसिंगचा ब्रीदर. पुढच्या-मागच्या दोन्ही हौसिंगवर वरच्या बाजूला एक छोटं टोपण किंवा नळी असते. गरम हौसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. ब्रीदर चोंदलेला असेल तर ती ऑइल सीलमधून पाणी आत ओढून घेते. टोपण बोटानं फिरतं-हलतं का बघा. नळी असेल तर काढून फुंका. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं की बेअरिंग आणि क्राऊन-पिनियन (हौसिंगमधले मुख्य गिअर) दोन्ही जातात.

बाकीचं भराभर: चाकाचे नट, यू-बोल्ट, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) सेंटर बोल्ट, स्टिअरिंगचे टाय-रॉड, रेडिएटरचे होज, फॅनबेल्ट, बॅटरीचा क्लॅम्प. बॅटरी सैल असेल तर पहिल्याच खड्ड्यात टर्मिनल बोनेटला टेकू शकतं.

ओढण्याचे हुक. हा भाग घाईत उरकू नका. पुढे आणि मागे चासिसला बोल्टनं पक्का केलेला हुक किंवा डोळा आहे का, हे गाडीखाली जाऊन हातानं तपासा. बंपर, बंपरला वेल्ड केलेली कडी, बुलबार, ट्रेलर ओढायचा गोळा, पाट्याचं शॅकल, टाय-रॉड, यांतली एकही जागा ओढण्यासाठी नाही. ट्रेलरचा गोळा ताणाखाली तुटला, तर तो दोरासह दुसऱ्या गाडीच्या काचेतून आत जातो. अशा अपघातांत माणसं मेली आहेत.

तपासा: दोन्ही हुकांना शॅकल (दोर हुकाला जोडायची पिनवाली कडी) बसतं का, हे घरीच बसवून बघा. चिखलात बुडलेल्या हुकात शॅकलची पिन जात नाही हे तिथे कळलं तर फार उशीर होतो.

३. सामान

दोन गाड्यांशिवाय जाऊ नका. प्रत्येक गाडीत सामान वेगळं हवं. सगळं एकाच गाडीत असलं तर तीच आधी फसते आणि तिचंच मागचं दार उघडत नाही.

ओढण्यासाठी: ताणणारा नायलॉनचा दोर, साधारण ९ मीटर, गाडीच्या भरलेल्या वजनाच्या निदान तिप्पट तुटण्याची ताकद असलेला. जिप्सी-जिम्नीसाठी ५ टन पुरतो, थार-गुरखासाठी ८ टनांचा घ्या. हळू ओढण्यासाठी एक साधा पॉलिएस्टरचा पट्टा. पाऊण इंची, ४.७५ टनांची दोन शॅकलं, ज्यांच्यावर वजन कोरलेलं आहे अशीच. इतवारीतल्या लोखंडाच्या दुकानांत बिनआकड्याची शॅकलं स्वस्तात मिळतात. ती ताडपत्री बांधायला ठीक आहेत, गाडी ओढायला नाहीत.

खोदण्यासाठी: पूर्ण दांड्याचं शेतकामाचं फावडं आणि एक सब्बल. घडीची छोटी फावडी काळ्या मातीत निरुपयोगी आहेत. दोन खोऱ्यांत पातं भरतं आणि माती सुटत नाही. सोबत रिकामी पोती सहा-सात.

उचलण्यासाठी: बाटली जॅक किंवा ट्रॉली जॅक, आणि जॅकखाली ठेवायला १८ मिमी प्लायवुडचा फूट-दीड फुटाचा तुकडा. हा तुकडा नसेल तर जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो.

हवेसाठी: प्रेशर मीटर आणि थेट बॅटरीला लावायचा कॉम्प्रेसर. लायटरच्या सॉकेटवरचे छोटे पंप दुसऱ्या टायरला फ्यूज उडवतात.

दुरुस्तीसाठी: रिंग आणि गोटी पान्यांचा सेट, ट्यूबलेस पंक्चर किट, फॅनबेल्ट, एक-दोन होज क्लिपा, एम-सील, इन्सुलेशन टेप, बांधायची तार, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, २ लिटर गिअर ऑइल, माणशी ४-५ लिटर पाणी. पावसात तहान लागत नाही, पण खोदताना लागते.

४. डांबरी सोडताना

डांबरी रस्ता संपतो तिथेच थांबा आणि चारही कामं तिथेच करा. पुढे "गरज पडली की करू" असं कोणी म्हणालं, तर गरज पडेल तेव्हा चाक हबपर्यंत आत असेल.

अ. हाताचे हब असतील तर दोन्ही 'लॉक'.

आ. फोर-हाय टाका. चिखल लांबवर दिसत असेल तर थांबून फोर-लो टाका. चालत्या गाडीत फोर-लो ओढू नका, ट्रान्स्फर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचे) दात जातात. कोरड्या डांबरीवर फोर-व्हील ठेवूनही जाऊ नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण सुटायला जागा राहत नाही.

इ. हवा १८ ते २० पीएसआयवर आणा. १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून उतरू शकतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: हवा कमी केल्यानं वाळूत जितका फरक पडतो तितका काळ्या मातीत पडत नाही, कारण इथे खरा अडसर खाचा भरण्याचा आहे. तरीही गाडीचा भार जास्त जागेवर पसरतो आणि ती उशिरा बुडते, म्हणून हे करायचंच.

ई. नव्या गाड्यांमध्ये चाक फिरलं की इंजिनाचा जोर आपोआप कापणारी यंत्रणा असते. चिखलात ती बंद करावी लागते. बटण कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा.

५. चिखलातून चालवणं

दुसरा किंवा तिसरा गिअर, एकसारखं अ‍ॅक्सिलरेटर, मधे गिअर बदलायचा नाही. क्लच दाबला की गाडीचा वेग मरतो आणि काळी माती लगेच धरते. टायरच्या खाचा स्वतःची माती झटकतील इतका चाकाला वेग हवा, पण गाडी उसळणार नाही इतकाच.

जुन्या बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आधी मोजा. ट्रॅक्टरची चाकोरी तुमच्या हौसिंगच्या उंचीपेक्षा खोल असेल, तर त्यात चाकं घातल्यावर गाडी पोटावर टेकणारच. तिथे एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेला ठेवून जा.

वेग कमी होऊ लागला तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे पाव-पाव फेरा झटपट हलवा. टायरच्या बाजूच्या दातांना नवी माती मिळते आणि बऱ्याचदा गाडी निघते. तरीही थांबली तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा. एकदा हळूच रिव्हर्स घेऊन पाहा, आणि मग पाय काढा. चाक एका जागी फिरलेला प्रत्येक सेकंद नंतर फावड्यानं भरून काढावा लागतो.

सावध: क्लचचा जळका वास आला तर इंजिन बंद करून २० मिनिटं थांबा. तिथेच आणखी जोर लावला तर क्लच प्लेट त्याच पांदणीत संपते.

६. फसली. पहिली दहा मिनिटं

सगळ्यांना खाली उतरवा. ड्रायव्हरनंही उतरून गाडीभोवती एक फेरी मारायची. तीन गोष्टी बघा.

कोणतं चाक किती खोल आहे? पोट, हौसिंग किंवा पाट्याचं शॅकल टेकलं आहे का? टेकलं असेल तर ओढून उपयोग नाही, आधी खोदावंच लागेल.

पुढची चाकं कोणत्या दिशेला वळली आहेत? खोल चाकोरीत स्टिअरिंग कुठे आहे ते ड्रायव्हरला कळत नाही, तो सरळ समजतो आणि चाकं वळलेली असतात. ओढायच्या आधी एक माणूस बाहेर उभा राहून चाकं सरळ करून घेईल.

जवळची घट्ट जमीन कुठे आहे? बहुतेक वेळा ती मागे असते, कारण तुम्ही तिथूनच आलात. आलेल्या चाकोरीतून मागे निघणं हाच पहिला पर्याय. "थोडंच पुढे आहे" म्हणून पुढे ओढलेली गाडी आणखी खोल जाते.

७. खोदणं

दोर अजून काढू नका. खोदण्याचा क्रम असा: आधी पोटाखालची माती, मग हौसिंगच्या मागची (ज्या दिशेला निघायचं त्या बाजूची), आणि शेवटी चाकं. चाकांभोवतीच खोदत बसलं तर गाडी आणखी बसते आणि पोट घट्ट टेकतं.

प्रत्येक चाकामागे दोन-अडीच फूट लांबीचा उतरता चर काढा, म्हणजे चाक उभी भिंत चढण्याऐवजी हळूहळू वर येईल. काळी माती फावड्याला चिकटते. पातं दर दोन-तीन खोऱ्यांनंतर पाण्यात बुडवा किंवा त्यावर जुनं ऑइल पुसा. खणलेली माती निघायच्या वाटेवर टाकू नका.

चाक चिखलात धरलं गेलं की त्याच्याखाली पोकळी राहत नाही आणि ते नुसतं ओढून सुटत नाही. सब्बल चाकाच्या कडेनं खाली घालून हलवा, हवा किंवा पाणी आत गेलं की पकड सुटते. मग जॅकखाली प्लायवुड ठेवून चाक उचला आणि खाली भरा. पोती दुमडून, दगड, मुरूम, विटांचे तुकडे, जे मिळेल ते. कापसाच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या तुराट्यांच्या जुड्या याला उत्तम. चाकाच्या दिशेला आडव्या घातल्या की टायर त्यांना धरतो. पण धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाट्या कोणाच्या तरी चुलीच्या असतात, विचारून आणि पैसे देऊन घ्या. बाभळीच्या फांद्या मात्र कधीच घालू नका, तिचे काटे टायरच्या भिंतीतून आरपार जातात.

सावध: गाडी फक्त जॅकवर असताना कोणीही हात किंवा डोकं तिच्याखाली घालायचं नाही. चाकाखाली भरताना सामान काठीनं किंवा फावड्यानं ढकला. चिखलात जॅक सरकतोच.

एवढं केल्यावर बऱ्याच गाड्या स्वतःच्या जोरावर मागे निघतात. निघाली तर दोर काढायची वेळ येत नाही.

८. ओढणं

मित्राच्या गाडीनं

ओढणारी गाडी घट्ट जमिनीवर, दोन्ही गाड्या शक्य तितक्या एका रेषेत. दोर तिरका असेल तर हुकावर आडवा ताण येतो. शॅकलची पिन पूर्ण घट्ट करून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताणानं ती जाम बसते आणि पान्यानंही उघडत नाही. दोराच्या मधोमध चिखलानं भरलेलं पोतं किंवा ओली सतरंजी टाका. दोर तुटला तर तो त्या वजनानं खाली पडतो.

माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट दूर, आणि दोराच्या रेषेत किंवा दोन गाड्यांच्या मधे कोणीही नाही. इशारा एकानंच करायचा. चार जण ओरडू लागले की ड्रायव्हर चुकतो.

ताणणाऱ्या दोरात एक-दीड मीटर ढील ठेवा. ओढणारी गाडी फोर-लोमध्ये, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, जोरात चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. फसलेल्या गाडीचा ड्रायव्हर त्याच वेळी गिअर टाकून हलका अ‍ॅक्सिलरेटर देईल. दोर ताणला जातो आणि परत आकसताना गाडी ओढून घेतो. झटका असा मऊ यायला हवा. तीन वेळा करूनही हलली नाही तर थांबा आणि परत खोदा. दोर गरम झालेला असतो, त्याला दहा मिनिटं द्या. वेग वाढवणं हा इथे उपाय नाही.

झटका फक्त ताणणाऱ्या दोरानंच द्यायचा. साधा पट्टा, साखळी किंवा तारेचा दोर ताणत नाही, सगळा झटका हुकावर आणि चासिसवर येतो. ते फक्त ढील पूर्ण काढून हळू ओढायला वापरायचे.

ट्रॅक्टरनं

नागपूरच्या खेड्यांत शेवटी ट्रॅक्टरच येतो, आणि तो बहुधा काम करतो. पण इथे माणसाच्या जिवाला धोका गाडीपेक्षा जास्त आहे. साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधायची. वरच्या टॉप लिंकला किंवा उचललेल्या हायड्रॉलिक आर्मला बांधली आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जातं आणि तो चालकाच्या अंगावर मागे उलटतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. चालक दादा अनुभवी असले तरी बांधताना तुम्ही स्वतः बघा आणि अदबीनं सांगा. झटका नको, साखळी ताणून घेऊन पहिल्या लोमध्ये हळू.

तपासा: गाडी बाहेर आल्याबरोबर दोर सोडा. दोर बांधलेला ठेवून ती पुढे "थोडी आणखी" चालवली, की दोर चाकाखाली जातो आणि गाठीसकट हौसिंगला गुंडाळला जातो.

९. वाटेवरची दुरुस्ती

इथे फक्त घरी पोचण्यापुरतं काम करायचं.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. एअर फिल्टरचं झाकण उघडा. फिल्टर ओला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं आणि सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेलचे ग्लो प्लग काढूनच इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं. ते जमत नसेल तर गाडी ओढून न्या.

पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की गाडी एका बाजूला तिरकी चालते, कारण अ‍ॅक्सल मागे सरकलेला असतो. यू-बोल्ट घट्ट करा, पाट्यांना तारेनं किंवा पट्ट्यानं आवळा, २० च्या वेगानं या.

टाय-रॉड वाकला तर काढून दोन दगडांवर ठेवून जॅकनं किंवा हातोड्यानं सरळ करता येतो, पण तो परत वापरण्याजोगा राहत नाही. घरी आलं की बदलायचाच.

सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) बारीक चीर गेली असेल तर तेल पुसून कोरडी करा, एम-सील मळून दाबा, कडक होईपर्यंत थांबा. होज फाटला तर टेप आणि क्लिप लावा आणि रेडिएटरचं टोपण सैल ठेवा, म्हणजे दाब कमी राहील. गरम रेडिएटरचं टोपण मात्र उघडायचं नाही.

डांबरीला लागण्याआधी दोन कामं आहेत. हवा परत भरा, एका टायरला चार-पाच मिनिटं लागतात. आणि लाकडी काठीनं रिमच्या आतल्या बाजूची माती काढा. ही माती वाळून एका बाजूला घट्ट बसते आणि साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग लोक अलाइनमेंट, बॅलन्सिंग, शॉकअप असा खर्च करत फिरतात. चाकांची माती तिथेच झटकली, तर मागून येणारे दुचाकीवालेही डांबरीवर घसरत नाहीत. पाण्यातून आला असाल तर ब्रेक तीन-चार वेळा हलका दाबून वाळवा. गवतातून आला असाल तर सायलेन्सरभोवती अडकलेलं गवत काढा, ते वाळून पेट घेतं.

१०. त्याच संध्याकाळी

काळी माती वाळली की दगड होते, म्हणून धुणं पुढे ढकलू नका. पण मोठ्या दाबाचा पाइप थेट सील, क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचे सांधे), हब, ब्रीदर किंवा वायरिंगवर मारू नका. पाणी जिथे नको तिथे शिरतं. साध्या पाइपनं भिजवा, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा धुवा. असं तीन वेळा. रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, मंद धारेनं. जाळीत माती राहिली तर पुढच्या उन्हाळ्यात ४५ अंशांत गाडी गरम होते आणि कारण सापडत नाही.

मग गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा. हे उभं ठेवणं मुद्दाम आहे.

११. दुसऱ्या दिवशी, मित्रांसोबत

पार्किंगमध्ये तीन-चार जण मिळून अर्ध्या दिवसात हे होतं. आधी कामं वाटून घ्या: एक जण उघडेल, एक जण काढलेले बोल्ट डब्यात ठेवून डब्यावर नाव लिहील, एक जण साफ करेल. गाडी स्टँडवर ठेवा. जॅक किंवा विटा चालत नाहीत, पोकळ विटा भाराखाली अचानक फुटतात.

हौसिंगचं तेल. रात्रभर उभ्या गाडीत पाणी तळाशी बसलेलं असतं. खालचा ड्रेन प्लग पूर्ण न काढता इतकाच सैल करा की थेंब येऊ लागतील, आणि पहिले थेंब तळहातावर घ्या. पाणी असेल तर आधी पातळ, स्वच्छ थेंब झरझर येतात आणि मग काळपट तेलाची जाड तार सुरू होते. तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं असेल, तर पाणी त्यात घुसळलं गेलं आहे. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर तेल बदला.

बदलताना वरचा फिलर प्लग आधी उघडा. तो गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून तेल काढून टाकलं असेल, तर गाडी जागीच अडकते. तेल पूर्ण निथळू द्या. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल चालतो, टोचणारे कण दिसले तर मिस्त्रीला दाखवा. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं गिअर ऑइल, बहुतेक गाड्यांत ८०डब्ल्यू-९०, फिलरच्या कडेवरून सांडेपर्यंत भरा. आतून डिझेलनं धुऊ नका, ते कोपऱ्यांत राहतं आणि नवं तेल पातळ करतं. दुधाळ तेल निघालं असेल तर २०-३० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदला. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसचं तेलही असंच तपासा. जुनं तेल गॅरेजच्या पिंपात द्या, नाल्यात ओतू नका.

ड्रम. मागचे ड्रम प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर उघडायलाच हवेत. आतली माती लायनर आणि ड्रम दोन्ही घासून खाते. ड्रम निघत नसेल तर घण मारण्याआधी अ‍ॅडजस्टर सैल करा, शू कडेला अडकलेले असतात. आतली धूळ हवेनं उडवू नका, ती छातीत जाते. पाण्यानं धुवा, वाळवा. लायनरवर तेल आलं असेल तर ते घासून किंवा पेट्रोलनं जात नाही. आधी अ‍ॅक्सलचं सील बदला, मग दोन्ही बाजूंचे लायनर. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढते.

पुढची चाकं. चाक वर-खाली धरून हलवा, खडखड आली तर बेअरिंग किंवा किंगपिन-बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवा, तिथे खडखड आली तर टाय-रॉडचं टोक. जिप्सी आणि जुन्या जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलला गोल नकल (चाक वळवणारा सांधा) असते. तिच्या कडेनं पातळ, पाणचट ग्रीस झिरपत असेल तर आत पाणी गेलं आहे. नकल उघडून जुनं ग्रीस काढून नवं भरावं लागेल. ज्या नव्या गाड्यांत सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणारा वळता सांधा) उघडा असतो, त्यांच्या रबरी बूटला चीर आहे का बघा. चीर पडल्या दिवशी फक्त बूट बदलावा लागतो, दोन महिन्यांनी अख्खा जॉइंट.

क्रॉस आणि ग्रीस. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस पूड दिसली, तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत. ग्रीस भरून तो क्रॉस वाचत नाही, बदला. बाकी सगळ्या निपलना ग्रीस गननं इतकं भरा की जुनं पाणचट ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेल. क्रॉसच्या चारही टोप्यांतून ते आलं पाहिजे. एका टोपीतून येत नसेल तर शाफ्ट थोडा हलवून परत मारा.

एअर फिल्टर ओला असेल तर वाळवून परत घालू नका, कागदाचा फिल्टर भिजला की बदलायचा. डिझेल गाडीच्या इंधन फिल्टरखालचा प्लग सैल करून पाणी काढा.

१२. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर

चाकाचे नट आणि यू-बोल्ट उघडले असतील तर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेच लागतात. चाकाचे नट आळीपाळीनं समोरासमोरचे, टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलच्या आकड्यावर. ब्रेक शू काही किलोमीटरमध्ये बसतात, मग हँडब्रेक आणि अ‍ॅडजस्टर परत बघा. हौसिंगच्या प्लगभोवती बोट फिरवा. ओलं लागलं तर वॉशर बदला, प्लग आणखी आवळून धागे घालवू नका. आणि दोर धुऊन सावलीत वाळवा. काळ्या मातीचे कण आत राहिले तर नायलॉनचे धागे आतून कापले जातात आणि वरून काहीच दिसत नाही. कुठे धागे उपसलेले, वितळल्यासारखे चकचकीत किंवा कडक लागले, तर तो दोर गाडीतून काढून टाका.